एक्सिलेटरची वायर

अकोला,
४ मे २०२५

चि. समता हिस,
सप्रेम जय भीम आणि आम्हा दोघांचे आशीर्वाद. वि. वि.

पाकीट बघून दचकली असशील. हल्ली पत्र म्हणजे बँकेचं नाही तर कोर्टाचं. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू स्क्रीनमधून माझ्याकडे बघतेस, मी तुझ्याकडे बघतो, पाच मिनिटांनी ललिता म्हणते की तिकडे तिची कामाची वेळ झाली असेल, आणि आपण ठेवून देतो. त्यात एसटीच्या कार्यशाळेत सदतीस वर्षं इंजिनांशेजारी काढल्यावर माझे कान माझ्या आधीच रिटायर झाले. तू बोलतेस त्यातलं निम्मं मी मान हलवून ढकलतो. कागदावरचं मला नीट ऐकू येतं, म्हणून हा खटाटोप.

वर नुसतं चि. लिहिलं आहे. पहिल्या कागदावर सवयीने हात चि. सौ. लिहून गेला, तो फाडला. दुसऱ्यावर श्रीमती लिहिलं, तोही फाडला. हे असलं काही मानायचं नाही असं वस्तीत मीच सगळ्यांना सांगत आलो, पण हाताला अजून ते पटलेलं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

आता कामाचं. लोकेशच्या दोस्ताचा, विराजचा फोन आला होता. लोकेशची बर्फावरची गाडी स्वीडनहून परत आली, तुमच्या बेस्ट गावाजवळच्या डच शेतकऱ्याच्या शेडमध्ये जुन्या जागी ठेवली आहे आणि ग्रोनिंगनचा कोणी माणूस ती सुट्या भागांसाठी मागतो आहे, असं तो म्हणाला. इतक्यात देऊ नकोस. जिथे पुरेसा बर्फ पडत नाही अशा देशात बर्फाची गाडी ठेवायची आणि वर्षातून एक आठवडा ट्रेलरवर घालून उत्तरेला न्यायची, हे लोकेशने मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो की हे उंटाला स्वेटर घालण्यापैकी आहे. पण घेतलेली गाडी धड ठेवायची. अपघातातून आलेली असली तरी.

बसून राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. म्हणून आधी टाकीतलं पेट्रोल काढ. जुनं पेट्रोल चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतं. मग मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेव, म्हणजे खालच्या रबरी साखळीवर सहा महिने वजन पडणार नाही. प्लास्टिकने झाकली असशील तर ते काढ आणि जुनी चादर टाक. प्लास्टिकखाली घाम धरतो आणि गंज चढतो. आणि उंदीर आहेत का ते बघ. शेतातली शेड म्हणजे असणारच.

जमेल तसं कर, घाई नाही. जेवतेस का ते लिही. "हो" एवढंच लिहू नकोस, काय जेवलीस ते लिही.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तूही राहू दे.

तुझे बाबा,
शिवाजी

—

अकोला,
६ मे २०२५

चि. समता,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

यांनी तुला पत्र टाकलं, हे मला पोस्टमनकडून कळलं. म्हणून मीही लिहिते आहे आणि ते यांना सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

गाडी धड ठेवायची वगैरे सगळं खरं, पण यांचं खरं दुखणं वेगळं आहे. जानेवारीत एका रविवारी, स्वीडनला जायची तयारी चालू असताना, लोकेशने फोनवर सांगितलं की गाडीच्या एक्सिलेटरची वायर जड चालते, अंगठा दुखतो. हे म्हणाले, वायरमध्ये ग्रीस भर, लोण्यासारखी चालेल. इथे सगळ्या गाड्यांना हे तेच करत आले. तो म्हणाला, भरतो. फेब्रुवारीत तो गेला.

त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक लोकेशने मागेच मोबाईलवर पाठवलं होतं. तेव्हा यांनी उघडलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तू परत गेलीस, आणि यांनी स्टँडसमोरच्या दुकानातून ते छापून आणलं. आता डिक्शनरी घेऊन वाचत बसतात. एक्केचाळिसावं पान दुमडलेलं आहे. शेजारच्या शामलाच्या मुलीकडून मी ते वाचून घेतलं. त्यात लिहिलंय की वायरला ग्रीस लावू नये, कडक थंडीत ते घट्ट होतं आणि एक्सिलेटरचा अंगठ्याने दाबायचा खटका दाबलेलाच राहतो.

तेव्हापासून यांची खात्री झाली आहे की आपणच पोराला मारलं. माझ्याशी बोलत नाहीत, अर्ध्या भाकरीवर उठतात. तुला सरळ विचारायची हिंमत नाही म्हणून चादर न् उंदीर चाललं आहे. एक दिवस विचारतील. तेव्हा तू वायर उघडून बघशील, आणि काहीही सापडलं तरी कोरडी होती असंच लिही. माझा मुलगा गेला, आता माणूस घालवायचा नाही मला.

तुझी तब्येत सांभाळ. आईची आठवण असू दे.

तुझी आई,
ललिता

—

बेस्ट,
२५ मे २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शनिवारी सायकलने शेडवर गेले. शेताचे मालक योस यांना तुम्ही ओळखत नाही. सत्तरीचे आहेत, बोलणं बेताचं. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदाच गेले तर त्यांनी फक्त स्टेर्कटे म्हटलं, म्हणजे बळ येवो, आणि कॉफी आणून दिली. इथे सगळे हेच म्हणतात. मला ते आता गुड मॉर्निंगसारखं ऐकू येतं.

गाडी निळ्या प्लास्टिकखाली होती. उजवी पुढची स्की वाकली आहे, काच नाही, पुढचं झाकण एका बाजूने फुटलं आहे. बाकी सगळं जागेवर आहे. पहिल्यांदा बघताना मला काहीतरी होईल असं विराजला वाटत होतं, म्हणून तो सोबत येतो म्हणाला होता. मी एकटीच गेले. काही झालं नाही. मी प्लास्टिकची घडी घातली.

पेट्रोल काढलं. ते कुठे टाकायचं हा प्रश्न होता. गेमेंटेचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेचं, कचरा केंद्र आहे तिथे कॅन घेऊन गेले. तिथल्या माणसाने कोणत्या गाडीचं म्हणून विचारलं. स्नोस्कूटर म्हटल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं. चोवीस डिग्री होतं. मागचा भाग योसच्या जॅकने उचलून ठोकळ्यांवर ठेवला. जुनी चादर म्हणजे आपली सोलापुरी, ती घातली.

उंदीर आहेत. एअर फिल्टरच्या डब्यात घर केलं होतं, सीटमधला फोम आणि कांद्याची सालं. पिल्लं नव्हती. मी ते सगळं हाताने काढलं आणि मग लक्षात आलं की पूर्वी मी झुरळ बघून ओरडायचे. योसने सायलेन्सरच्या तोंडात तारेचा काथ्या कोंबायला दिला.

जेवणाचं विचारलंत. वरणभात जेवते, रोज तोच. शनिवारी भाकरी केली होती, ती रविवारीही खाल्ली. कामावर जाते. डॉक्टरांकडे गेले होते. त्या म्हणाल्या हे असं असतं, वेळ लागेल, आणि चालायला जाणाऱ्या एका ग्रुपचा पत्ता दिला. लोकेशच्या नावाची पत्रं अजून येतात. मी उत्तरं पाठवते की ते आता नाहीत. ते डच वाक्य मला पाठ झालं आहे.

मला रडू येत नाही, बाबा. हे तुम्हाला सांगून ठेवते, कारण लोक विचारतात आणि मी खोटं बोलते.

पुढचं काम कळवा. आईंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
समता

—

बेस्ट,
२५ मे २०२५

ती. आईंस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. बाबांच्या पाकिटात घालत नाही, शामलाकाकूंच्या पत्त्यावर पाठवते आहे.

वायर मी अजून उघडलेली नाही. कोरडी होती असं लिहीन, असं वचन देत नाही. बाबांना खोटं लिहायचं तर ते नीट जमावं लागेल, आणि मला सध्या काहीच नीट जमत नाही. तुम्ही माझ्यावर रागवाल. मला भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नाही. म्हणून तर मी ती उघडू शकेन.

तुम्हीही नीट जेवत चला. बाबांना सांगितलं असतं तेच तुम्हालाही सांगते.

तुमची,
समता

—

अकोला,
१४ जून २०२५

चि. समता हिस,
सप्रेम जय भीम, आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीन वेळा वाचलं. शाबास. कार्यशाळेत नवीन आलेला हेल्पर पहिल्या आठवड्यात हातातला पाना पायावर पाडतो आणि पुढचे दोन दिवस सुट्टी घेतो. त्या मानाने तू बरी निघालीस. वरणभाताच्या सोबत काहीतरी भाजी कर, नाहीतर ललिता तिथे येऊन उभी राहील.

रडण्याचं लिहिलंस. मलाही येत नाही. लोक भेटायला येतात, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त रडू येतं आणि मग मी त्यांना पाणी देतो. तुला सांगितलं, बाकी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरं काम असं. इंजिनाच्या बाजूला दोन चाकांवर चढवलेला एक रुंद पट्टा असेल. पुस्तकात तो कसा काढायचा त्याचं चित्र आहे. तो काढ आणि कडांचे धागे सुटलेत का बघ. सुटले असतील तर नवा लागेल. पट्टा उन्हाळाभर काढूनच ठेवायचा, चाकांना हवा लागते. बॅटरी काढून घरी आण आणि महिन्यातून एकदा चार्ज कर. रबरी साखळी हाताने फिरवून तिचे सगळे दात तपास, तुटलेले मोज.

खाली सस्पेन्शनला निपलं, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडं असतील, चार-सहा. तिथे गनने ग्रीस मार. फक्त निपल असेल तिथेच. दुसरीकडे कुठेही ग्रीस लावायचं नाही. हे वाक्य परत एकदा वाच.

हँडलचं काम पुढच्या वेळी सांगेन. उजव्या मुठीपाशी... ते राहू दे. पुढच्या वेळी.

इथे पाऊस अजून नाही. ललिताचा गुडघा तसाच आहे आणि तोंडही तसंच आहे, म्हणजे घर चालू आहे म्हणायचं. हिला सांगू नकोस मी असं लिहिलं.

सवड काढून उत्तर दे, वाट बघणारा माणूस रिकामटेकडा आहे.

तुझे बाबा,
शिवाजी

—

बेस्ट,
६ जुलै २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

पट्टा काढायला अर्धा दिवस गेला. चाक कसं उघडायचं ते कळेना. शेवटी योस आले, एक बोल्ट आत पिळला, चाकाच्या दोन पाळ्या बाजूला सरकल्या आणि पट्टा अलगद हातात आला. मी त्याच्याशी तीन तास कुस्ती खेळत होते. धागे सुटलेले नाहीत. साखळीचे सहा दात तुटले आहेत, सगळे एका बाजूचे. बॅटरी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ठेवली आहे.

निपलं पाच सापडली. लोकेशच्या हत्यारांच्या पेटीत पिवळ्या ग्रीसचा डबा होता, तेच मारलं. फक्त निपलं असतील तिथे. डबा अर्धा संपलेला होता.

विराज येऊन गेला. आता आल्मेरेला राहायला गेला आहे, तिथे घर मोठं मिळालं म्हणाला. मला वाटतं आमच्या घरावरून रोज जायला नको म्हणून गेला. दोन तास बसला. निघताना दारात उभं राहून म्हणाला की त्या दिवशी तो लोकेशच्या मागे होता आणि वळणाच्या आधी लोकेशच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागलेला त्याने पाहिला होता. तो हे कुणाला बोलला नव्हता. चौकशीच्या कागदात कारण म्हणून फक्त वेग लिहिला आहे आणि त्याला ते पुरेसं वाटलं होतं. मी ऐकून घेतलं. तो गेल्यावर कप धुतले.

मला हे तुम्हाला लिहावं की नाही असा प्रश्न पडला होता. पण गाडीबद्दल जे कळेल ते तुम्हाला कळवायचं असं आपलं चाललं आहे.

आणखी एक. शेड नोव्हेंबरपासून रिकामी हवी आहे. इथले लोक सुट्टीला जायच्या कॅराव्हॅन हिवाळाभर अशा शेडमध्ये ठेवतात, योसचं उत्पन्न तेच आहे. ग्रोनिंगनच्या माणसाला मी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कळवते म्हटलं आहे. त्याने परवा विचारलं की इतकी निगा राखता आहात तर सुटे भाग कशाला करायचे, तो चालवायलाच घेईल. त्याची मुलगी चालवते म्हणाला.

इथे ऊन आहे. लोक अंगणात बसतात. मी खिडकीतून बघते, मग पडदा लावते, मग उघडते. भाजी केली होती, भेंडीची.

तुमचे कान आणि आईंचा गुडघा यांना माझा नमस्कार. आठवण ठेवताच, ठेवत राहा.

आपली,
समता

—

अकोला,
३ ऑगस्ट २०२५

चि. समता हिस,
सप्रेम जय भीम. आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो.

ब्रेक दाबलेला होता आणि गाडी थांबली नाही, याचा अर्थ मेकॅनिकला सांगावा लागत नाही. ब्रेक एका बाजूने ओढत होता आणि इंजिन दुसऱ्या बाजूने. खटका सुटलेला नव्हता.

मी लोकेशला वायरमध्ये ग्रीस भरायला सांगितलं होतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तू तेव्हा मागे कणीक मळत होतीस, मला दिसत होतीस. अकोल्यात मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन गळतं, म्हणून आम्ही घट्टातलं घट्ट भरतो. उणे पंचवीसला त्याचं काय होतं याचा मी विचारच केला नाही. उणे पंचवीस मला कधी लागलं नाही. पुस्तक माझ्या मोबाईलमध्ये होतं, मी उघडलं नव्हतं. सदतीस वर्षं काम केलेल्याला पुस्तक कशाला, असं वाटलं होतं.

डबा अर्धा होता हे तू लिहिलंस ते मला कळलं.

आता सरळ विचारतो. उजव्या मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी वायर काढ. उघडून बघ. आत काय आहे ते मला लिही. ललिताने तुला काही सांगितलं असेल. तिचा चेहरा मला बेचाळीस वर्षं वाचता येतो. तिचं ऐकायचं की माझं, हे तू ठरव, मी दोष देणार नाही. पण तू खोटं लिहिलंस तर ते मला कळणार नाही, इतक्या लांबून कळत नाही. तेव्हा जे लिहिशील ते मी मरेपर्यंत खरं धरेन. एवढं लक्षात ठेवून लिही.

मला दुसरं काही मागायचं नाही.

तुझे बाबा,
शिवाजी

—

बेस्ट,
३१ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

वायर कोरडी नव्हती. ग्रीस होतं, पिवळं, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत भरलेलं. आईंनी मला कोरडी होती असं लिहायला सांगितलं होतं. त्यांना रागावू नका. मी तीन कागदांवर कोरडी होती असं लिहूनही पाहिलं.

पण ग्रीस होतं म्हणजे त्यानेच झालं, असं नुसतं बघून म्हणता येत नाही. कामावर मी दिवसभर हेच करते. यंत्राचा भाग थंड करायचा, गरम करायचा, काय होतं ते मोजायचं आणि लिहायचं. म्हणून मूठ, वायर आणि कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग अशी तिन्ही काढून, जशी गाडीत वळणं घेऊन बसतात तशीच एका फळीवर बांधली आणि फ्रीजर रिकामा करून त्यात ठेवली. वाटाणे योसकडे नेऊन दिले. माझा फ्रीजर उणे अठराच जातो. तिथे त्या दिवशी उणे पंचवीस होतं.

बाहेर काढून लगेच खटका दाबला आणि सोडला. पहिल्या वेळी परत यायला चार सेकंद लागले. पुन्हा थंड करून दुसऱ्यांदा, चार. तिसऱ्यांदा तो अर्ध्यावर थांबला आणि आलाच नाही. मग वायर धुतली, पूर्ण वाळवली, तीच वायर पुन्हा रात्रभर ठेवली. या वेळी खटका लगेच सुटला. तिन्ही वेळा. म्हणजे ग्रीसनेच अडकली. हे मी तुम्हाला जसं मोजलं तसंच लिहिते आहे.

आता दुसरं, तेही तसंच खरं आहे. धुतल्यावर दिसलं की वायरचं बाहेरचं आवरण हँडलखालच्या वळणावर चेपलं होतं. मागच्या वर्षी ट्रेलरवर बांधताना पट्टा आवळला गेला असेल. वायर जड चालत होती ती त्यामुळे. ती बदलायलाच हवी होती. ते तुम्हाला सहा-सात हजार किलोमीटरवरून दिसणं शक्य नव्हतं. त्याला दिसलं असतं, गुडघ्यावर बसून टॉर्च मारला असता तर. आणि मुठीशेजारीच इंजिन बंद करायचं लाल बटण आहे, अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. ते त्याने का दाबलं नाही मला माहीत नाही. चार सेकंद थोडे असतात की पुष्कळ, हेही मला ठरवता येत नाही.

तो चेपलेला तुकडा हातात घेऊन मी किचनच्या फरशीवर बसले होते आणि मला लोकेशचा राग आला. इतका की मी त्याला मोठ्याने शिव्या दिल्या, मराठीत, शेजारच्यांना कळत नाही म्हणून. वाकून बघायला काय झालं होतं तुला, असं विचारलं. पुस्तक त्याच्याही मोबाईलमध्ये होतं. मग रडले. शुक्रवारी रडायला लागले, आज रविवार आहे, मध्ये मध्ये थांबते आणि परत सुरू होतं. फेब्रुवारीपासून मला काही वाटलं नव्हतं आणि आता सगळं एकदम वाटतंय. हे बरं आहे की वाईट ते कळत नाही, पण हातपाय माझे आहेत असं वाटतं.

तुमचा राग येतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही. शनिवारी आला होता. तासभर. खरं सांगते आहे म्हणून तेही सांगते. मग तुम्ही उंदरांबद्दल लिहिलेलं आठवलं आणि तो टिकला नाही.

वायर टाकलेली नाही. तुम्ही सांगाल तसं करेन. गाडीचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. दोन महिन्यांनी शेड सोडायची आहे.

मला तुमच्याशिवाय तिथे आणि इथे मिळून फार माणसं उरलेली नाहीत. तेव्हा माया पातळ करू नका.

तुमची,
समता

—

अकोला,
२१ सप्टेंबर २०२५

चि. समता हिस,
सप्रेम जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून ललितालाही वाचायला दिलं. ती दोन दिवस तुझ्यावर आणि माझ्यावर मिळून चिडली होती. तिसऱ्या दिवशी तिने पिठलं केलं आणि ताटावर माझ्यासमोर बसून राहिली. मी पूर्ण जेवलो. लिहायचं कारण, तू काळजी करशील.

चेपलेलं आवरण तू माझ्यासाठी शोधून काढलंस, अशी आधी शंका आली. मग वाटलं, खोटं लिहिणारी असतीस तर वायर कोरडी होती एवढंच लिहिलं असतंस, फ्रीजर कशाला रिकामा केला असतास. म्हणून तेही खरं धरलं.

आमच्या कार्यशाळेत गाडी रस्त्यात बंद पडली की बिघाडाच्या रजिस्टरात नोंद व्हायची. शेवटचा रकाना कारणाचा. तिथे नशीब लिहायला परवानगी नव्हती, नवीन पोरं कधी कधी लिहायची आणि मी खोडायचो. कारण लिहायचं आणि ज्याचं काम त्याने खाली सही करायची. कारणं दोन असली तर दोन लिहायची, सह्याही दोन. काल मी एका कागदावर तारीख घातली आणि लिहिलं. आवरण चेपलेलं, बदललं नाही. वायरमध्ये ग्रीस. पहिल्यासमोर लोकेशची सही कोण करणार, ती जागा मोकळी ठेवली. दुसऱ्यासमोर मी केली. मग रडलो, बरंच. ललिताने मध्ये येऊन पाणी ठेवलं आणि गेली.

लाल बटणाचं मी लिहिलेलं नाही. घाबरलेला माणूस ब्रेकच दाबतो. मीही तेच केलं असतं.

तुला तासभर राग आला हे वाचून बरं वाटलं. पुन्हा आला तर पुन्हा लिही. मी ते वाचू शकतो, हे आता कळलं.

गाडी सुट्या भागांसाठी देऊ नकोस. ग्रोनिंगनच्या माणसाला दे, त्याची मुलगी चालवणार असेल तर तिला चालवू दे. पण देण्याआधी त्याला सगळं सांग, फळीवरच्या प्रयोगासकट, आणि वायर नवी घालून दे. जुनी मला पोस्टाने पाठव. ती इथे राहील. नोव्हेंबरात ये, तिकीट काढलंस की कळव. ललिता म्हणते की या वेळी नुसत्या पंधरा दिवसांवर भागायचं नाही.

आमचं प्रेम तुला ठाऊक आहे, ते कुठे जात नाही.

तुझे बाबा,
शिवाजी

ता. क. नवी वायर कोरडीच बसव. तिला काही लावू नकोस.